गोमाईवरची यांची फळी

१२ नोव्हेंबर १९३१, शहादे

सलाउद्दीन मिस्त्रीची बैलगाडी आज गल्लीत आली. दिवाळी सरली, पाणी उतरलं, आता गोमाई नदीवर पायपूल बसणार. घरटी एक फळी! उखाच्या घरची घेतली, शेजारच्या सोनीबाईची घेतली. माझ्या दारावरून गाडी तशीच पुढे! मी ओट्यावरच उभी होते. मिस्त्रीने मान खाली घातली.

यांची फळी सकाळीच माळ्यावरून काढून पुसून ठेवली होती. तिच्यावर यांचं नाव कोरलंय, पुढे ‘मास्तर’ लावून. तोंडाने घेत नाही, बोटाने वाचलं.

१३ नोव्हेंबर

विसरला असेल. उद्या येईल.

१४ नोव्हेंबर

नाही आला.

हे सांगायचे — संवत छप्पनच्या दुष्काळात, तीसेक वर्षांमागे, लाकूड मिळेना, तेव्हा सलाउद्दीनच्या बापाने, फकीर मिस्त्रीने, दारोदार फळ्या मागून पहिला पूल बांधला. तेव्हापासून ज्याची फळी, तो गावचा. पावसाळ्याआधी आपापली फळी घरी. ते सगळं हेच बघायचे, मी फक्त मिस्त्रीला चहा करायची. आषाढात हे गेले. यांच्याबरोबर घरही गेलं का? विधवेचं घर घरांत धरत नाहीत वाटतं. जळो मेला तो पूल!

१७ नोव्हेंबर

पूल झाला. बाजाराला जाणाऱ्यांची पावलं इथवर ऐकू येतात. मी गेले नाही. मीठ संपलंय — अळणीच खाल्लं. धुळ्याला दादाला कार्ड लिहून पोस्टमनच्या हाती दिलं. "न्यायला ये. इथे माझं कुणी नाही."

१९ नोव्हेंबर

सोनीबाई दारात. "मास्तरीनबाई, पूलवर येत नहीत का?" म्हटलं, डोकं दुखतंय. जरा घुटमळली, मग गेली. काहीतरी बोलायचं होतं तिला. दिवसभरात तेवढाच माणसाचा आवाज.

२१ नोव्हेंबर

मिठासाठी शेवटी निघालेच. पुलाच्या मधोमध एक फळी नाही! सगळे टांग टाकून जातात, सोनीबाईसुद्धा लुगडं सावरून. मिस्त्री खाली खुंट ठोकत होता. वर बघून म्हणाला, "मास्तरनी जागा शे ती. दुखना घरमा आम्ही मांगाले जातस नही. घरनं मानूस सोता आणस. कव्हयपासून वाट दखी ऱ्हायनूत, बाई!"

दुःखाच्या घरी फळी मागायला जात नाहीत, घरच्यानेच आणून द्यायची — ही रीत मला ठाऊकच नव्हती! घरी आले, फळी डोक्यावर घेतली, रडतच नेली.

दादाचं उत्तर आलंय, उद्या न्यायला येतोय. यांच्या फळीवर पाय देऊनच येईल बिचारा — आणि एकटाच परत जाईल!