वगळलेल्या चौघी

प्रिय बाई,

आज सकाळी मी एक ई-मेल पाठवला. त्यात तुमचं नाव आहे. तुम्हाला विचारता आलं असतं तर आधी विचारलं असतं, पण तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. म्हणून निदान सांगते तरी. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. बघा, काय लिहितेय मी! जणू कुणी येऊन तुम्हाला सांगणारच आहे!

सकाळपासून एका जागी बसवत नाहीये. दोनदा पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरले आणि अर्ध्यातून परत आले. आई म्हणाली, "कुणी येणार आहे का ग? सारखी दारात काय जातेस?" काय सांगू तिला?

तिला तुम्ही अजून आठवता. आमच्या घरी तुम्ही पहिल्यांदा जेवायला आलात, तेव्हा गल्लीतल्या दोघी-तिघी मुद्दाम तुम्हाला बघायला आल्या होत्या. सांगलीहून येऊन काशीत एकटी राहणारी, पुरुषाचं घड्याळ बांधणारी बाई! शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुम्ही मुलं होण्याचं औषध शोधता ना?" तुम्ही हात धुता धुता म्हणालात, "न होण्याचं. आणि ते घ्यायचं थांबवलं की परत होण्याचं. खरं काम ते दुसरं आहे."

मग आमच्या ओट्यावर वाटी उपडी घालून तुम्ही त्यांना समजावलंत. बाईच्या बीजाभोवती काचेसारखं एक कवच असतं. शुक्राणूला आधी तिथे चिकटावं लागतं. आपण अशी लस करायची, की शरीराची प्रतिकारशक्ती त्या कवचावर पहारा बसवेल आणि शुक्राणू बाहेरच राहील. एखादीला दोन वर्षं थांबायचं असेल तर रोज गोळी नको, लपवाछपवी नको. "पण पहारा उठवता आला पाहिजे," तुम्ही म्हणालात. "नाही उठला, तर ते औषध नव्हे, शिक्षा झाली."

काकूंना किती कळलं कोण जाणे. मला कळलं होतं. म्हणूनच पुढचं सगळं जास्त वाईट आहे.

प्रयोगशाळेत मराठी बोलणाऱ्या आपण दोघीच. माझी मराठी ऐकून तुम्ही किती हसायचात! मी म्हणायचे, "बाई, उद्या छुट्टी पाहिजे," आणि तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "छुट्टी मिळणार नाही. सुट्टी माग, बघते." उंदरिणींशी मात्र तुम्ही माझ्याहून प्रेमाने बोलायचात. "चला ग बायांनो," म्हणत पिंजरा उघडायचा, उजवा हात आधी नुसता आत ठेवायचा, त्यांनी हुंगला की मग उचलायचं. तुम्हाला कधी एकही चावली नाही.

माझी लस चालली. बारा उंदरिणींपैकी एकीलाही पिल्लं झाली नाहीत. आनंदाने मी प्राणीघरातच ओरडले होते, आठवतं? मला वाटलं, झालं! आता प्रबंध लिहायचा. तुम्ही म्हणालात, "आता लस थांबव. परत होतात का बघू."

"बाई, त्यात आणखी एक वर्ष जाईल!"

"जाईल."

तेव्हा मी जे बोलले ते तुम्ही विसरला असाल, मी नाही. मी म्हणाले, "तुमचं ठीक आहे. तुमची घरी कुणी वाट बघत नाही." तुम्ही उठून चहा ठेवलात, माझ्या कपात साखर घातलीत, आणि पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या नव्याने लिहायला घेतल्यात. रागावायचं होतं ना हो बाई! एक थोबाडीत दिली असतीत तरी चाललं असतं.

ते वर्ष गेलं. आठ जणींना परत पिल्लं झाली. चौघींना नाही. तोपर्यंत तुमच्या पोटात दुखायला लागलं होतं, तपासण्या सुरू झाल्या होत्या. "त्या चौघींचे बीजकोश काप आणि बघ," एवढं सांगून तुम्ही दवाखान्यात गेलात.

मी कापले. उंदरिणीचा बीजकोश मोहरीच्या दाण्याहून फार मोठा नसतो. पातळ काप काढून, रंगवून काचेवर घेतले. निरोगी बीजकोशात बीजं कशी गोल गोल, आपापल्या वर्तुळात बसलेली दिसतात! या चौघींत तसं काही नव्हतं. सगळीकडे जांभळे ठिपके. प्रतिकारशक्तीच्या पेशी कवचापाशी थांबल्याच नव्हत्या. आत घुसून त्यांनी बीजंच संपवली होती. पहारेकऱ्यांनी घरच लुटलं होतं. या चौघींना आता कधीच पिल्लं होणार नव्हती.

मी किती वेळ बघत बसले माहीत नाही. मग आठवलं, त्या महिन्यात प्राणीघराचा एसी बंद पडला होता आणि काही उंदीर आजारी पडले होते. या चौघीही त्यात असतील की! असू शकतात! संध्याकाळपर्यंत 'असतील'चं 'होत्या' झालं. मी वहीत लिहिलं, आजारामुळे वगळल्या. स्लाइड्स पेटीत घालून स्वतःकडे ठेवल्या.

त्या आजारी नव्हत्या, बाई. त्यांची वजनं मी रोज स्वतः लिहीत होते; एकीचंही घटलं नव्हतं.

लेखाचा मसुदा घेऊन मी दवाखान्यात आले तेव्हा तुम्हाला उशीवर नीट बसताही येत नव्हतं. तरी चष्मा मागितलात. पान न् पान वाचलंत. मग म्हणालात, "आणि त्या चौघी?"

"आजारी होत्या बाई. वगळल्या."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. खूप वेळ. मग म्हणालात, "बरं." आणि सही केलीत.

माझं भांडण तिथेच आहे तुमच्याशी. इतक्या वर्षांत तुम्ही एक गोष्ट स्लाइड बघितल्याशिवाय मान्य केली नव्हती. मग त्या दिवशी 'स्लाइड आण' का नाही म्हणालात? थकला होतात? विश्वास ठेवलात? की कळलं होतं, आणि मीच तोंड उघडीन म्हणून वाट बघत होतात? मी पुढे दोन आठवडे रोज येत होते. रोज संत्र्याचा रस आणत होते. बोलले मात्र नाही.

लेख छापून आला तेव्हा तुम्ही नव्हता. 'लस थांबवल्यावर प्रजनन पूर्ववत होते', हे वाक्य माझं, आणि खाली तुमचं नाव. त्याच लेखावर मला कॉलेजात नोकरी लागली. मी चांगलं शिकवते, हे तुम्हाला सांगायचं होतं. आता ते सांगायलाही लाज वाटते.

गेल्या महिन्यात एका मुलीचा फोन आला. केतकी. मूळची अकोल्याची, लखनऊला पीएच.डी. करते. माझं आडनाव बघून तिने मराठीत विचारलं, "मॅडम, मराठीत बोलू का?" आपला लेख वाचून तिने तोच प्रयोग पुन्हा केला होता. दोन वर्षं. दर वेळी तिच्या काही उंदरिणींचे बीजकोश रिकामे निघत होते. तिचे गाइड म्हणतात, लेखात तर सगळ्या पूर्ववत झाल्यात, तुझंच इंजेक्शन चुकतंय.

"मॅडम, माझ्याच हाताला काही वळण नाही का? सोडून देऊ का मी हे?"

मी तिला बनारसला बोलावलं. ती परवा आली. कॉलेजातल्या माझ्या टेबलावर तिच्या स्लाइड्स तिने एकेक करून लावल्या. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, आणि बाई, तेच जांभळे ठिपके! तंतोतंत तेच. मी उठले, कपाटातून पेटी काढली आणि त्या चौघींच्या स्लाइड्स तिच्यापुढे ठेवल्या.

तिने पहिली बघितली. दुसरी बघितली. मग तारखेची चिठ्ठी वाचली.

"ह्या तुमच्याकडे होत्या?"

"हो."

"तेव्हापासून?"

"हो."

वाटलं होतं रडेल, किंवा सुटल्यासारखं तरी वाटेल तिला. तिने स्लाइड्स शांतपणे जागेवर ठेवल्या. "दोन वर्षं, मॅडम," ती म्हणाली. "मी रात्रंदिवस स्वतःला शिव्या दिल्या." चहाला हात न लावता ती निघून गेली. मी गेटपर्यंत मागे गेले. तिने वळून बघितलं नाही. बरोबरच केलं तिने.

त्या रात्री मी संशोधन-पत्रिकेच्या संपादकांना पत्र लिहायला घेतलं. माझं नाव लिहिताना हात अडला नाही. तुमचं आलं आणि अडला. लेख मागे घेतला की तुमचंही नाव मागे घेतलेल्या लेखांच्या यादीत जाणार! तुमचं!

म्हणून काल सांगलीला तुमच्या भावाला फोन केला. आप्पांना आता कमी ऐकू येतं. सगळं मोठ्याने, दोनदा सांगावं लागलं. अशी गोष्ट दोनदा ओरडून सांगायची म्हणजे काय, ते मला विचारा! ते मग म्हणाले, "शालूला माहीत होतं का?"

"मी त्यांना खोटं सांगितलं होतं, आप्पा."

"मग असं लिहा, की तिला काहीही माहीत नव्हतं. एवढं वाक्य हवं मला."

मी ते लिहिलं. खोडलं. परत लिहिलं. परत खोडलं. तुमची ती नजर आड येत होती. तुम्हाला काय माहीत होतं, हे मला माहीत नाही, बाई! मला माहीत आहे ते एवढंच, की तुम्ही विचारलंत आणि मी खोटं बोलले. शेवटी तेच लिहिलं. 'त्यांनी या चार प्राण्यांबद्दल स्पष्ट विचारले होते. मी त्यांना खोटे उत्तर दिले.' आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तिचं नाव यातून सुटत नाही." आणि फोन ठेवला.

खरंच सुटत नाही. मला क्षमा करा, असं म्हणत नाही. पण माहीत नसलेली गोष्ट माहीत आहे असं लिहिण्याची वेळ पुन्हा आली होती, आणि या वेळी तुमच्यासाठी. तुमच्यासाठीसुद्धा नाही लिहिलं मी.

आज दुपारी संपादकांचं उत्तर आलं. लेख मागे घेतला जाईल. ई-मेलची प्रत प्राचार्यांनाही होती; त्यांनी उद्या बोलावलंय. नोकरीचं काय होईल, कळत नाही. आणि थोड्या वेळापूर्वी केतकीचा मेसेज आला. नमस्कार नाही, काही नाही. 'चारही स्लाइड्सचे फोटो हवेत. वजनाच्या नोंदीसुद्धा.' मी सगळं पाठवलं. तिचा अंगठा आला, बस.

बाई, सोमवारी मी लखनऊला जातेय. केतकीने बोलावलेलं नाही. तिच्या गाइडच्या खोलीत जाऊन, त्यांच्या तोंडावर सांगणार आहे, की या मुलीने जे बघितलं तेच खरं आहे आणि ते मी तिच्या कितीतरी आधी बघितलं होतं. त्यांनी खोलीबाहेर काढलं तर व्हरांड्यात थांबेन, पण सांगितल्याशिवाय गाडीत बसणार नाही. हा माझा शब्द. याची तुम्ही अवश्य शहानिशा करा.

तुमची विद्यार्थिनी (हे अजून लिहिता येत असेल तर),
मृणाल