माल उभी हाय

आप्पा, काल मी गाड्यांचं क्रॉसिंग बघायला गेले होते. धाराशिवहून पॅसेंजर पकडली आणि घाटातल्या तुमच्या ठेसनावर उतरले. तुम्ही गेलात, मग छोटी गाडी बंद झाली, रूळ रुंद झाले, वर विजेच्या तारा आल्या. रुळांचे सांधे आता आत बसून बटन दाबून बदलतात. तुम्ही सांधेवाले छातीनं रेटायचात ते हँडल कुणाला सांगितलं तर पटायचं नाही. पण लाईन अजून एकेरीच आहे. घाटात वरून एक आणि खालून एक गाडी निघाली की एकीला तुमच्या ठेसनावर बाजूच्या रुळावर थांबावंच लागतं. या वयात गाड्या बघत कशाला बसलीस म्हणाल, तर घरात जीव गुदमरत होता. परवा दीर येऊन गेला.

इतक्या वर्षांनी, आप्पा! माझ्या खानावळीत कॉलेजची पोरं जेवत होती आणि हा आपला हात जोडून दारात. "वहिनी, दादाला लकवा मारलाय. दुसरी केली ती तर कवाच निघून गेली. लग्नाची बायको तुमीच न्हाय का? चला की आता घरी." घरी म्हणे! लेक पोटात असताना मला अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर काढलं तेव्हा हे घर कुठं गेलं होतं? पण मेलं ऐनवेळी उद्या सांगते, एवढंच म्हणाले. मग मावशीचा फोन, जा बाई, कितीही झालं तरी कुंकू त्याचं. मग धाकट्याचा, लोक काय म्हणतील. तुमचा मुलगा, आणि लोकांना भितो. रात्री ताट वाढलं आणि तसंच झाकून ठेवलं. जायचं की नाही, एवढं एकच डोक्यात.

मी सासरहून, नळदुर्गकडनं परत आले तो दिवस तुम्हाला आठवतो का? क्वार्टरच्या स्वयंपाकघरात मी चुलीपुढं बसलेय, आई पदरानं डोळे पुसतेय आणि शेजारीण दारातूनच विचारतेय, "टाकली व्हय हो पोरीला?" नवऱ्यानं सोडलेली बाई म्हणजे टाकलेली. ठेसनावर मालगाडी बाजूच्या रुळाला घेतली की तिलाही तुम्ही लोक तेच म्हणायचात. रोज तुमची आरोळी घरात ऐकू यायची, "माल टाकलीय, येऊ द्या पॅसेंजर!" त्या दिवसापासून तो शब्द तुमच्या तोंडून गेला तो गेलाच. मास्तर विचारायचे, माल टाकली का रे? तुम्ही म्हणायचात, "माल उभी हाय, साहेब." एकदा मास्तर वैतागले. "अरे, टाकली म्हण की! जन्मभर तेच म्हणत आलास ना?"

"न्हाय साहेब. टाकायला ती काय केरकचरा हाय? भरलेली गाडी हाय ती. उभी हाय."

मी नळावर घागर भरत होते. घागर भरून वाहायला लागली तरी मला कळलं नाही. तुम्ही लई तापट माणूस, भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवणारे. मला कधी जवळ घेऊन दोन शब्द बोलला नाहीत. पण दिवस कलला की फलाटावर बसायला लावायचात. घाटातून पॅसेंजर यायची, खिडक्यांतून हात बाहेर, पोरांचा कालवा. पलीकडं मालगाडी गुमान उभी. पॅसेंजर निघून गेली की तुम्ही हिरवं निशाण धरायचात आणि ती कुरकुरत, डब्यामागं डबा ओढत चढाला लागायची. "बघ," एवढंच म्हणायचात. मी बघायची.

काल मात्र उलटंच झालं. उतरून बघते तर आमचीच पॅसेंजर बाजूच्या रुळावर. सिग्नल लाल तो लालच. खिडकीतली एक बाई तावातावानं भांडायला लागली, "काय हो, मालासाठी माणसं खोळंबून ठेवता व्हय?" निशाण घेऊन उभी होती तीही बाईच. होय आप्पा, तुमच्या जागेवर आता बाई आहे, चांगली ठसठशीत. ती म्हणाली, "मावशी, खालून भरून यायलीय ती. चढावर थांबली तर परत हलायची न्हाय. तिला वाट द्यावीच लागती." तेवढ्यात आलीच. पुढं दोन इंजिनं, मागं डब्यांना अंत नाही. फलाट पायाखाली हादरत होता. ती न थांबता, कुणाकडं न बघता वर निघून गेली आणि आख्खी पॅसेंजर गप बसून तिच्याकडं बघत राहिली. मला हसू फुटलं. अहो, सासरच्यांनी शिट्टी मारली की आपणच बाजूला व्हायचं, हे मी या वयापर्यंत धरून बसले होते! खानावळ चालवते, लेक शिकतेय, तिचं अजून सगळं व्हायचंय. आत्ता कुणासाठी थांबले तर मी परत उठायची नाही.

तिथूनच दिराला फोन लावला. "भावजी, मी येणार नाही."

तो गडबडला. "अहो, मग त्याचं करणार कोण?"

"तुम्ही आहात की. सख्खा भाऊ ना तुमचा?"

तिकडून फोन बंद. आप्पा, छातीवरची धोंड उतरली म्हणतात ना, तसं हलकं वाटलं. परतीच्या गाडीला अवकाश होता, तर तिथल्या निशाणवाल्या बाईबरोबर चहा घेतला आणि तुमच्या गोष्टी सांगितल्या.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, ठाऊक आहे. पण दुसऱ्या कुणाला सांगू? काल रात्री मावशीनं फोनवर विचारलं, आतून थोडं तरी तुटलं असेल ना गं? मी हो म्हणाले, तिला बरं वाटावं म्हणून. तुम्हाला खरं सांगते, काही तुटलं नाही. घरी आले, ठेचा-भाकरी पोटभर खाल्ली आणि भरदुपारी अशी ढाराढूर झोपले की जेवायला आलेली पोरं दार वाजवून वाजवून परत गेली.