लाल उजवीकडे

प्रिय बारक्या,

एक्केचाळीस वर्षांच्या माणसाला बारक्या म्हणणं शोभत नाही, हे मला कळतं. पण पाकिटावर तुझं पूर्ण नाव घातलंय, तेव्हा आत मी मला हवं ते म्हणणार. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू नुसतं "हं, हं" करतोस आणि मी भलतंच काहीतरी बोलून मोकळी होते. त्यामुळे कागद घेतला. शेवटपर्यंत वाच, मधेच घडी घालून ठेवू नकोस.

आधी इकडची खबरबात. पंप एकदाचा बदलला. रोपवाटिकेचं फाटक अजून तसंच कुरकुरतं, कारण तेल घालायचं काम मी तुझ्या मेहुण्यांना सांगितलंय आणि ते दर रविवारी "उद्या" म्हणतात. यंदा खुंट छान पोसलेत, बोटाएवढे जाड झालेत. पुढच्या महिन्यात त्यांच्यावर सफरचंदाचे डोळे बसवून कलमं करायची. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले तरी सुरी कुणाला हात लावू देत नाहीत. गुडघ्यांनी दगा दिलाय, म्हणून स्टुलावर बसून एकेका रोपापुढे सरकतात. हात मात्र तसाच आहे. सालीला एक उभी चीर, एक आडवी, आत डोळा, वर पट्टी, की पुढचं रोप. सफरचंद पिकलं की नाही हे ते अजूनही देठाशी नाक नेऊन सांगतात. लहानपणी आपल्याला त्याचं केवढं कौतुक होतं! लोक रंग बघतात, आपले बाबा वास घेतात.

गेल्या महिन्यात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मोतीबिंदू असेल असं मला वाटत होतं. बाईंनी आधी अक्षरं वाचून घेतली, मग ठिपक्याठिपक्यांची पानं असलेलं एक पुस्तक समोर धरलं. प्रत्येक पानावर ठिपक्यांत एक आकडा होता, मला लांबूनही दिसत होता. बाबा म्हणाले, "कसला आकडा? नुसते ठिपके आहेत." बाईंनी सात पानं उलटली. सातही वेळा नुसते ठिपके. त्या म्हणाल्या, यांना लाल आणि हिरवा वेगळा कळत नाही, जन्मापासूनच कळत नसणार. मी हसले. म्हटलं, अहो, पन्नास वर्षं झाडांत काढलीत यांनी. बाबा हसले नाहीत.

परतताना गाडीत ते आपणहून बोलले. लहानपणापासून त्यांना ठाऊक होतं. दोन्ही रंग मातकटच दिसतात. पण ज्याला पिकलेलं आणि कच्चं रंगावरून कळत नाही, त्याच्याकडून कलमं कोण नेणार? म्हणून कुणाला सांगितलं नाही. एकट्या आईला माहीत होतं. म्हणाले, "तुझ्या आईनं एकदासुद्धा चुकू दिलं नाही. लाल उजवीकडे, हिरवा डावीकडे."

बारक्या, तुला तो बिस्किटांचा डबा आठवतच असेल. मध्ये पुठ्ठा उभा करून आईने दोन कप्पे केले होते. खाण्याच्या गोड सफरचंदाच्या कलमाला लाल दोरा, मुरंब्याच्या आंबटाला हिरवा. "लाल उजवीकडे" हे आपल्या घरात "पाय धू" इतक्या वेळा ऐकू यायचं. आपण तिची नक्कलही करायचो. तिला शिस्तीचं खूळ आहे, इतकंच आपण समजत होतो.

आता तो दिवस, जो बाबांच्या त्या वाक्यानं मला आठवला. मी एकोणीस वर्षांची होते. आई जिन्यावरून पडली होती, मनगट प्लॅस्टरमध्ये. तिने मला डबा भरायला सांगितला. मैत्रिणी फाटकाशी थांबल्या होत्या, आम्ही नदीवर पोहायला निघालो होतो. त्या दिवशी लाल दोरे जास्त लागणार होते आणि डावा कप्पा मोठा होता. म्हणून मी लाल डावीकडे भरले. मला तेव्हा स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं. डबा बाबांच्या स्टुलाशी ठेवला आणि पळाले. दुसऱ्या दिवसापासून आई एका हाताने स्वतःच डबा भरायला लागली. चुकलं ते त्या एका दिवसाचं काम, दोनशे-अडीचशे कलमं. पुढच्या वर्षी ती तू गिऱ्हाइकांना गाडीत भरून दिलीस. दोरा बघून, अगदी बरोबर.

झाडं सावकाश चहाडी करतात. चार वर्षांनी, गोड म्हणून कलमं नेलेले ते निवृत्त पोस्टमन आंबट सफरचंदांची पिशवी घेऊन आले आणि आपल्या जेवणाच्या टेबलावर ओतली. (मुरंबेवाल्याला आंबटाऐवजी गोड गेली असणार, पण तो पठ्ठ्या कधी तक्रार घेऊन आला नाही.) बाबांनी एक फळ कापून चाखलं आणि सगळ्यांदेखत तुला म्हणाले, "भरताना डोळे फुटले होते का तुझे?" तू तीनदा सांगितलंस की दोरा बघूनच भरली. त्यांनी ऐकलं नाही. आठवड्याभरात तू घर सोडून गेलास. आणि आज तू बंदरात जहाजांना रंग देतोस, दहा निळ्यांतून एक निळा निवडतोस, याचं मला हसावं की रडावं कळत नाही.

तू गेल्यावर आईने एकदा, भांडी पुसता पुसता, मला विचारलं होतं, "त्या दिवशी डबा कसा भरला होतास गं?" मी म्हटलं, "नेहमीसारखाच." मला खरंच आठवत नव्हतं. पण आठवून बघायचे कष्टही मी घेतले नाहीत. तिने पुन्हा विचारलं नाही. तीन वर्षांनी ती गेली. तू दोन दिवस आलास आणि बाबांशी एक शब्द न बोलता परतलास. रोपवाटिका तर तू गेल्यापासूनच माझ्याकडे आली होती. एकवीस वर्षं लोक मला म्हणतात, पोरीने बापाचं नाव राखलं. मी ते ऐकून घेत आले.

गेल्या आठवड्यात त्या पोस्टमनकाकांकडे जाऊन आले. झाडं अजून आहेत, फळाने वाकलेली. मी खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "अहो, तुमचा भाऊ जायच्या आदल्या दिवशी येऊन माफी मागून गेला होता. चूक माझी नाही, पण वडिलांचं नाव खराब नको, म्हणाला." तू हे मला कधी सांगितलं नाहीस. मला तुझा राग आला आणि मग फार लाज वाटली.

बाबांना वाटत होतं, आपलाच हात चुकला असणार. महिनाभर तेच उगाळत होते, धड जेवतही नव्हते. आज सकाळी वाफ्यातच त्यांच्यासमोर बसून मी डब्याचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डबा तू भरलास, बांधले मी, आणि घराबाहेर तो गेला." मग सुरी पुसून खाली ठेवली. नंतर म्हणाले, "त्याला लिही. पुढच्या महिन्यात दोरे बांधायला ये म्हणावं. आणि लिही की सगळ्या गड्यांसमोर मी त्याला विचारणार आहे, यातला लाल कुठला." ते विचारण्याचा सराव करतायत, बारक्या. आत्तासुद्धा स्टुलावर बसलेत, आईचा डबा मांडीवर घेऊन. मी दोन्ही कप्पे रिकामे ठेवलेत.

तुझीच,
ताई