पाठ कधी मिटते

९ डिसेंबर १९९९, गोरेगाव (जि. हिंगोली)
व्हय, चालवली कात्री! ऑगस्टात ग्रहण लागलं तेव्हा मी पाचव्या महिन्यात होते अन् ब्लाउज बेतत होते. काल लेकरू गेलं. सहा दिवसांचं. पाठीचा खालचा भाग उघडाच घेऊन आलं होतं. माती देऊन दिवस न्हाई झाला तर सासू म्हणते, "ग्रहणात कात्रीनं चिरली तू त्याची पाठ." ह्यांनी माझी शिलाई मशीन पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. आता शिवायचं न्हाई म्हणे.

१४ डिसेंबर
रडले. दुसरं काही केलं न्हाई.

३ जानेवारी २०००
जीपनं एकटीच हिंगोलीला गेले. डॉक्टरीणबाईंना सरळ इचारलं — माझ्या कात्रीनं झालं काय?

त्यांनी कागदाची पट्टी घेतली, दोन्ही कडा वर उचलून जुळवल्या. मेंदू अन् पाठीतला मज्जारज्जू आधी अशी सपाट पट्टीच असते म्हणे. कडा जुळून नळी होते, मधून वर डोक्याकडं अन् खाली कमरेकडं बंद होत जाते. गर्भ राहिल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत काम संपतं! माझ्या लेकराची नळी खाली जुळलीच न्हाई.

अठ्ठाविसावा दिवस! तेव्हा मला दिवस गेलेत हेच ठाऊक नव्हतं. ग्रहण तर चार महिने लांब होतं!

"फॉलिक ॲसिडच्या गोळीनं धोका बराच कमी होतो. पण ती दिवस जायच्या आधीपासून घ्यायची," बाई म्हणाल्या. "तुझा दोष नाही." जीपमध्ये मोठ्यानं रडले, लोक बघत होते तरी.

४ जानेवारी
सासू अन् आळीतल्या बाया ओट्यावर होत्या. कापडाची पट्टी घेऊन मधीच जाऊन बसले. नळी करून दाखवली, महिने बोटावर मोजले, गोळीचंही सांगितलं. "आमाला शिकवून राहिली!" एक म्हणाली. सासू उठून गेली. जाऊ दे!

मी माळ्यावर चढले. हे म्हणाले, "आईला काय वाटंल?"
"मला काय वाटलं ते इचारलं का तुमी एकदा तरी?"
मग मशीन उतरवायला हात लावला त्यांनी.

२० जानेवारी
तीन ब्लाउज शिवून दिले. सासू बोलत न्हाई. मला काही तकलीफ न्हाई!

१३ फेब्रुवारी
सासू मशीनपाशी येऊन उभी राहिली. महिनाभरानं पहिला शब्द — "ती गोळी आपल्या संगितासाठी आणून दे." संगिता माझी नणंद, गेल्या उन्हाळ्यात लग्न झालेली.
म्हटलं, "तिला दिवस गेले काय?"
"न्हाई गं. म्हणून तर आज मागून राहिले."