साखर कुणीच दिली नाही

३ ऑक्टो.
बिस्किटने आज बादलीचा आवाज ऐकूनही मान वळवली नाही. पुढचे पाय लांब ताणलेले, सगळा भार मागे. खूर हाताला गरम. एक पाऊल टाकेना. सईला फोन केला, "लवकर ये" एवढंच म्हणालो. ती सहा वर्षांची होती तेव्हापासून हा पोनी तिचा. आता तो म्हातारा आणि ती... असो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खुरांच्या आत सूज आलीय. ह्या वयात त्याला साखर झेपत नाही, म्हणून तर हिरवं गवतसुद्धा बंद केलंय. मग एकाएकी असं का? "कुणी शुगर दिलीये?" बार्नची, म्हणजे ह्या तबेल्याची, मालकीण पॅट, नाही. सई, नाही. सईचे बाबा, देशमुख काका, सगळ्यात मोठ्यानं: "नो शुगर! ॲब्सोल्यूटली नॉट!" निखिलने नुसती मान हलवली, फोनमधून डोकं वर न काढता.

निखिल. डेंटल स्कूल, पांढरी गाडी, सईचा "जस्ट फ्रेंड". बघतोच.

४ ऑक्टो.
मराठीत लिहितो तेच बरं. बार्नमध्ये कुणाला वाचता येत नाही. सईलाही नाही (तेच वाईट). काकांना येतं, पण वही माझ्या जॅकेटात, आणि जॅकेटला लिदेचा वास, ते हात लावायचे नाहीत.

गव्हाणीच्या कडेला काहीतरी चिकट, तपकिरी. नखानं खरवडलं. कॅरमेल! निखिलच्या गाडीत कॅरमेलचा डबा असतो, मी पाहिलाय. दात दुरुस्त करायला निघालेला पोरगा आणि कॅरमेल.

दिवसभर बर्फ. खुरांना पिशव्या बांधायच्या, वितळल्या की बदलायच्या. सई शेजारी बसून. तिच्या केसांत गवताची काडी अडकलेली. सांगितलं नाही.

काका जाता जाता: "काय इंजिनियरसाहेब, सेमिस्टर कसं चाललंय?" कॉलेज सोडून इथे कामाला लागलो हे माहीत असून दर वेळी हेच. ऐकून घेतलं. सईसाठी.

६ ऑक्टो.
भडकलो. पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर निखिलला म्हणालो, "तूच दिलंस." तो, "ड्यूड, व्हॉट?" मी त्याच्या गाडीतून डबा काढला आणि सईसमोर धरला. सई त्याच्याकडे बघत राहिली. "डिड यू?" तो एवढंच म्हणाला, "सिरियसली, सई?" आणि गेला. साधा चिडलासुद्धा नाही. निर्दोष माणूस असा जातो का?

नंतर सई बिस्किटजवळ भुशात बसून रडली. डोकं माझ्या खांद्यावर. "थँक्स पुष्कर. ॲट लीस्ट यू केअर."

खांदा अजून...

८ ऑक्टो.
एक्स-रे. खुरातलं हाड किंचित फिरलंय. अजून फिरलं तर... डॉ.बाईंनी वाक्य पुरं केलं नाही. १४ला परत येऊन ठरवणार, त्याला ठेवायचं की कायमचं झोपवायचं. तोवर आपणहून चालला तर आशा आहे म्हणे. चालत नाही. भिजवलेलं सुकं गवत खातो, तेही माझ्यावर उपकार केल्यासारखं.

निखिलचा फोन येतो. सई उचलत नाही. मी बघतो.

९ ऑक्टो.
घरी चहा. बाबा समोर, न बोलता (म्हणजे रोजच्यासारखे). त्यांची साखर डॉक्टरने बंद केलीय, आणि चहा तर गोड. "आई, साखर?"
"साखर कुठे रे, गूळ घातलाय. गूळ चालतो त्यांना."
ओट्यावर डबा उघडा. डब्याच्या कडेला तेच. चिकट, तपकिरी.

कप तसाच ठेवून उठलो. आमच्याकडे गूळ म्हणजे साखर नाहीच. कुठल्याच काका-काकूंच्या घरी नाही. देशमुख काकांनाही डायबेटिस. रिटायर झाल्यापासून संध्याकाळी फिरायला म्हणून बार्नवर येतात. रोज.

१० ऑक्टो.
काकांना कुंपणापाशी गाठलं. ओरडायचंच ठरवून गेलो होतो.
"बिस्किटला गूळ देता?"
"देतो की थोडासा. बंड्या वाट बघतो माझी." (बिस्किटला ते बंड्या म्हणतात.) "मला घरात कुणी गोड खाऊ देत नाही, त्यालाही नाही. आम्ही दोघं म्हातारे..."
"मग डॉक्टरला का नाही सांगितलं?"
"तिनं शुगर विचारलं रे. गूळ म्हणजे काय शुगर..."
तिथंच थांबले. जॅकेटचा खिसा वरून दाबून धरला. तो आजारी पडल्यापासून दिला नाही म्हणतात. खरं की खोटं?
मग, "सईला मी सांगतो. तू नको बोलूस, बेटा."
बेटा! आजपर्यंत इंजिनियरसाहेब.

१२ ऑक्टो.
काकांनी सांगितलेलं नाही. सईच्या तोंडावरून कळतं. बार्नवर फिरकतही नाहीत. काल मात्र मला घरी जेवायला बोलावलं. भाकरी, भरीत, "घे रे अजून." विकत घेतायत मला? सई समोर बसून हसत होती, तिला वाटलं बाबांना मी आवडायला लागलो.

आणि मी का गप्प? म्हाताऱ्याची दया येते म्हणून, की निखिलचा फोन अजून वाजतोय आणि ती उचलत नाहीये म्हणून? आज दोनदा तोंड उघडलं, दोनदा हवामानावर बोललो.

१३ ऑक्टो.
उद्या डॉ.बाई. सईनं काकांना ओढून आणलं, "बाबा, एकदा भेटा तरी त्याला." काका दारातच उभे. तेच जॅकेट. हळूच म्हणाले, "बंड्या."

बिस्किटचे कान उभे. मग एक पाऊल. मग अजून एक. लंगडत, पण आपणहून. सई ओरडली, "ही इज वॉकिंग! पुष्कर, बघ ना!" माझा हात घट्ट धरला. बिस्किट सरळ काकांपाशी गेला आणि त्यांच्या खिशात नाक खुपसलं. खिसा चाटायला लागला.

सई आधी हसली. मग माझा हात सुटला.
"बाबा, खिशात काय असतं?"
काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिनंही.

मी पाणी आणायला म्हणून बादली उचलली. भरलेलीच होती.