विहीणबाईंसाठी गरम फरशी

५ डिसेंबर

पहाटे पाय खाली टाकला तर फरशी गरम! वाटलं, खाली काहीतरी पेटलं. बादलीभर पाणी ओतलं आन् बोंब मारली. सिद्धेश लुंगी सावरत धावत आला. सूनबाई हसून हसून भिंतीला टेकली — "आई, ती आपणच तापवलीय!" फरशीखाली तारांची जाळी घातलीय म्हणं, विजेवर तापती. मला सांगायचं राहिलं!

मी म्हणलं, "पुनावळ्यात बर्फ पडतो का रं? दोन महिन्यांची थंडी, आन् एवढं थेर! चाकणला साहेब झालास, व्हिला घेतलास, आता भुई बी भाजायला निघालास व्हय!"

फरशी पुसायला दुपार गेली.

७ डिसेंबर

आज गुडघा कुरकुरला न्हाई. कुणाला सांगणार न्हाई.

१२ डिसेंबर

सांगितलं. ऱ्हावलंच न्हाई.

काळेवाडीच्या खोलीत आमी शेगडी पेटवायचो. तोंड भाजायचं, पाठ गारच. ह्यांना धुरानं खोकला. आज हे असते तर फरशीवर आडवे पडून पेपर वाचला असता.

ही ऊब खालनं वर येती — तळव्यातनं गुडघ्यात, गुडघ्यातनं कंबरेत. आवाज न्हाई, वास न्हाई, हीटरसारखं नाक कोरडं पडत न्हाई. मांडी घालून तांदूळ निवडत बसती मी, उठू वाटत न्हाई. एवढा थोरला सोफा घेतलाय, त्यावर कोण बसंना! सिद्धेश बी लॅपटॉप घेऊन खालीच. साहेबाला फरशीनं मांडी घालायला लावली!

वर्षाली म्हणाली, "मीच हट्ट केला होता, आई. तुम्ही पाय चोळत बसायच्या ते बघवायचं नाही." मग माझ्यासंगं तांदूळ निवडाया लागली. जरा वेळानं म्हणाली, "आमच्या आईचे पायही असेच आहेत. दिघीत एकटीच, मोजे घालून बसते."

सून अशी मिळाली, देवाचे उपकार. आता तिचं एक काम मला करायचंय.

१८ डिसेंबर

विहीणबाईंना, इंदुताईंना, फोन केला. म्हणाल्या, "नको बाई. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आमच्यात पाळतात."

सहा वर्षं पाळत्यात! आल्या तरी दारातल्या खुर्चीत बसून आपल्या बाटलीतलं पाणी पित्यात. त्या गेल्या की वर्षाली न्हाणीत जाऊन नळ सोडती. रडल्यालं ऐकू येऊ नये म्हणून. मला येतंच.

ही रीत ज्यानं काढली त्याचं पाय गारठून जावोत!

२४ डिसेंबर

सकाळी फोन — "विहीणबाई, लवकर या. मला फरशीवरनं उठता येईना!"

खोटं कुठं हाय? उठावंसंच वाटत न्हाई तर कसं उठता येणार!

दिघीहून रिक्षा करून धापा टाकत आल्या. मी आपली खाली बसून शेंगा फोडतीया. "अहो केसरबाई, लाज आहे का?" — "न्हाई. बसा." मोजे मीच ओढून काढले. पाय टेकले. बोलता बोलता वाक्य अर्धं राहिलं.

मग दह्याचं पातेलं पुढं केलं. रात्रभर फरशीवर ठेवल्यालं, सुरीनं कापावं असं घट्ट लागल्यालं!

"माझी खोली, माझं पातेलं, दूध काळेवाडीच्या माझ्या गवळ्याचं. लेकीचं ह्यात काय हाय?"

"आणि फरशी?"

"फरशी कुठं खाताय तुमी!"

हसल्या. हसता हसता चमचा तोंडात गेला. वर्षाली दारातच उभी होती. आत आली न्हाई. मी बी हाक मारली न्हाई.

२ जानेवारी

इंदू अजून हितंच हाय! रोज पिशवी भरती, रोज सोडती. "फक्त फरशीसाठी थांबलेय हं, विहीणबाई. नाहीतर कधीच गेले असते." मी म्हणते, "व्हय व्हय, आमी कोण तुमच्या!"

पिठलं माझ्या पिठाचं, म्हणून चालतं. मीठ लेकीचं होतं, ते मी सांगितलं न्हाई.

आज लेकीच्या डोक्याला तेल लावत बसली होती. वर्षालीचे डोळे मिटल्याले. नळाचा आवाज किती दिसांत ऐकला न्हाई.

९ जानेवारी

घात झाला. फरशी बंद पडली!

इंदू अंघोळीला गेल्याली तवा कळलं. सिद्धेश म्हणला, पार्ट बाहेरून यायचाय, आठवडा तरी जाईल. कालच बाई म्हणत होती, "फरशी थंड झाली की मी चालले दिघीला." सगळ्यांना दटावलं — एक शब्द काढायचा न्हाई! तिच्या जागेवर सतरंजी टाकली, वर घोंगडी. दिवसभर कॉटवरनं खाली उतरूच दिली न्हाई. चहा बी वर, जेवण बी वर.

उद्या काय करू? वर्षालीच्या तोंडाकडं बघवंना.

१० जानेवारी

डोळा उघडला तर इंदू सतरंजी गुंडाळून उघड्या फरशीवर बसल्याली. पकडली गेली मी!

तिनं गुमान पायात मोजे चढवले. म्हणाली, "केसर, आज तर लईच तापलीय गं फरशी!"