मूळचं काम

अब्बा, गावाबाहेरची ती कोठी परवा पाडली. कापसाच्या एका व्यापाऱ्याने इटलीतल्या घरांची चित्रं पाहून बांधलेली, अर्धगोल कमानींच्या जोडखिडक्यांची, छपराखाली नक्षीदार टेकूंची रांग असलेली. अख्ख्या वाशीम जिल्ह्यात तशी दुसरी मी पाहिली नाही.

मी शाळेत असताना वादळात दर्शनी बाजूचे सात टेकू पडले, तेव्हा तुम्ही मेडशी गावचं काम अर्ध्यावर सोडून आलात. उन्हाळाभर चुना घोटून नवे टेकू घडवत होतात. मी दुपारचा डबा घेऊन येते, ओल्या चुन्यात बोट घालते आणि म्हणते, "अब्बा, सिमेंट लावा ना, दोन दिवसांत होते." तुम्ही थापी खाली ठेवता. "चुन्याच्या भिंतीले सिमेंट कायले लावू? आतून सडवते ते. अन् ज्यानं पयले बनवलं, त्याचा हात बिघडवू का मी?" मला रडू आलं होतं. काम संपलं त्या दिवशी तुम्ही मला अंगणात उभं केलंत. "सांग, माहे कोनते?" मला ओळखता आले नाहीत. तुम्हाला इतकं खूश मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

यंदा कोठी पाडायचं ठरलं. वारसा म्हणून तिची नोंद व्हावी म्हणून मी, चित्रकला शिकवणारी तुमची मुलगी, अर्ज घेऊन दारोदार फिरले. सह्यांसाठी अक्षरशः पाया पडले. लोक म्हणायचे, "मॅडम, रिकाम्या घरासाठी काहून जीव काढून राह्यल्या?" सुनावणीत साहेबांनी फोटोतल्या टेकूंवर बोट ठेवलं. "हे मूळचंच आहे का? नंतर कोणी केलं असेल तर महत्त्व कमी होतं." मी म्हणाले, "सगळं मूळचं आहे, साहेब. कोणीच हात लावलेला नाही."

अर्ज तरीही फेटाळला. मशीन आली तेव्हा मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले, ओरडले. बंदोबस्तावरच्या दोघी बायांनी दंडाला धरून मला बाजूला नेलं. पहिल्याच धक्क्यात दर्शनी बाजू खाली आली.

हे पत्र कुठे पाठवू? कब्रस्तानात येते, पण तिथे हे वाचायची हिंमत नाही. कोठी वाचावी म्हणून खोटं बोलले, असं मी स्वतःला सांगते. पण सुनावणीतल्या त्या खुर्च्यांसमोर मिस्त्रीची मुलगी म्हणवून घ्यायची मला लाजही वाटली होती. थोडीशीच. पण वाटली.